डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि चीनमधील भारतीय वैद्यकीय पथक (१९३८-१९४२) : परदेशातील स्वयंसेवी आरोग्यसेवेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

परक्या देशात जाऊन तेथील वंचित जनतेची विनामोबदला वैद्यकीय सेवा करणे ही कल्पना आज सर्वपरिचित आहे. निरनिराळ्या देशांतील डॉक्टर, परिचारिका व विद्यार्थी काही आठवड्यांसाठी किंवा महिन्यांसाठी आफ्रिका व आशिया खंडांतील दुर्गम भागांत जातात. महाराष्ट्राला या विषयाची ओळख प्रामुख्याने उलट दिशेने झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरज येथे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभारलेले मिशन रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण होय. परदेशी डॉक्टर येथे येत आणि येथील रुग्ण सेवा घेत, असा हा एकमार्गी प्रवाह होता. १९३८ साली मात्र स्वतः पारतंत्र्यात असलेल्या भारताने पाच डॉक्टर युद्धग्रस्त चीनमध्ये पाठविले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रीय होते : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस आणि तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाडातील नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर.

डॉ. कोटणीस यांचे नाव महाराष्ट्रात सर्वज्ञात आहे. तथापि हे नाव मुख्यतः त्यांच्या परदेशातील मृत्यूशी आणि त्यावर निघालेल्या चित्रपटाशी जोडले गेले आहे. त्यांनी चीनमध्ये नेमके कोणते काम केले, कोणत्या पद्धतीने केले आणि त्यातून मागे काय उरले, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार केला आहे. परक्या समाजात केलेल्या आरोग्यसेवेचे मूल्यमापन सेवकाच्या त्यागावरून न करता, सेवक निघून गेल्यानंतर त्या समाजाच्या हाती काय राहिले यावरून करावे, अशी या लेखाची मांडणी आहे. या मांडणीचा जळगाव जामोदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यात चालणाऱ्या सेवाकार्याशी असलेला संबंध अखेरीस तपासला आहे.

वैद्यकीय पथकाची पूर्वपीठिका

भारतीयांनी देशाबाहेर जाऊन जखमींची शुश्रूषा करण्याची परंपरा १९३८ पूर्वीची आहे. १८९९ मध्ये सुरू झालेल्या बोअर युद्धात गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचे रुग्णवाहक पथक उभारले होते. पुढे बाल्कन युद्धाच्या काळात, डिसेंबर १९१२ मध्ये, डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली एक वैद्यकीय पथक तुर्कस्तानात गेले. पहिल्या प्रयत्नामागे साम्राज्याचे नागरिक म्हणून कर्तव्य बजावण्याची भूमिका होती, तर दुसऱ्यामागे खिलाफतीविषयीची आस्था होती. १९३८ च्या पथकाची प्रेरणा या दोहोंहून निराळी होती. साम्राज्यवादाविरुद्ध लढणाऱ्या दोन राष्ट्रांतील बंधुभाव हा तिचा पाया होता.

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळील मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण सुरू केले. त्याच वर्षाच्या अखेरीस चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. त्यांनी जून १९३८ अखेर जनतेला आवाहन केले आणि जुलैमध्ये चीनसाठी निधी गोळा करण्यात आला. सुमारे २२,००० रुपये जमले. स्वतःच्या गरिबीशी झगडणाऱ्या आणि सत्ता हाती नसलेल्या देशाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती. औषधे व शस्त्रक्रियेचे साहित्य यांबरोबर एक रुग्णवाहिकाही पाठविण्याचे ठरले.

येथे इतिहासातील एक विसंगतीही नोंदवली पाहिजे. जपानी आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनकडे ज्या अध्यक्षांच्या पुढाकाराने हे पथक गेले, त्याच सुभाषबाबूंनी १९४३ मध्ये भारताच्या स्वातंत्र्यासाठी जपानचे सहकार्य स्वीकारले. १९३७ साली त्यांनीच जपानच्या पूर्व आशियातील धोरणावर टीका करणारा लेख लिहिला होता. राजकारणातील आघाड्या अशा रीतीने पाच वर्षांत पालटल्या. शस्त्रक्रियेच्या मेजावरील काम मात्र या बदलांपासून अलिप्त राहिले.

पथकातील पाच डॉक्टर

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल होते. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय सेवा केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. उपप्रमुख डॉ. चोळकर हे पाचही जणांत वयाने ज्येष्ठ होते. कलकत्त्याहून डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी हे दोघे आले. पाचवे डॉ. कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून १९३६ मध्ये पदवी घेतल्यानंतर ते पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते.

कोटणीसांच्या जडणघडणीत सोलापूरचे स्थान महत्त्वाचे आहे. गिरणी कामगारांचे हे शहर १९३० च्या मे महिन्यात ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभे ठाकले आणि तेथे लष्करी कायदा लागू करण्यात आला. त्या प्रकरणी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आली. त्या वेळी कोटणीस वीस वर्षांचे होते. वडील शांताराम कोटणीस गिरणीत नोकरीस होते आणि कुटुंब मोठे होते. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाने मिळवते होण्याची वेळ आली असताना त्याने परदेशी सेवेसाठी अर्ज करणे ही मध्यमवर्गीय मराठी घराच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. घराने दिलेली ही संमतीसुद्धा या सेवेचाच एक भाग मानली पाहिजे.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या बोटीने पथकाने मुंबई सोडली. १७ सप्टेंबर रोजी ते कँटन येथे पोहोचले. तेथे डॉ. सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. त्यानंतर हँकौ, ईचांग असा प्रवास करीत ते चुंगकिंगला गेले. तेथे शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे संचालक प्रा. तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या अंती ‘हुआ’ म्हणजे ‘चीन’ हे अक्षर होते. द्वारकानाथ कोटणीस ‘के दीहुआ’ झाले. चुंगकिंगच्या मुक्कामात कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली. परतण्याचा मार्ग मोकळा असतानाही त्यांनी पथकासोबत पुढे जाण्याचा निर्णय घेतला. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनान येथे दाखल झाले आणि जवळच्या लष्करी आदर्श रुग्णालयात त्यांचे काम सुरू झाले.

सीमाप्रदेशातील कार्य

पथकाचा मूळ बेत साधारण एका वर्षाचा होता. चोळकर व मुखर्जी १९३९ मध्येच भारतात परतले, तर प्रकृतीच्या कारणाने डॉ. अटल १९४० मध्ये परतले. बसू आणि कोटणीस मागे राहिले. परतलेल्या तिघांच्या सेवेला कमी लेखण्याचे कारण नाही. उतारवयात, अनोळखी हवामानात आणि बॉम्बवर्षावाखाली चोळकरांनी केलेले काम हे त्यांच्या परीने पूर्णच होते. तथापि अल्पकाळाची सेवा आणि दीर्घ वास्तव्य यांच्या फलितांत कोणता फरक पडतो, हे पाहण्याची संधी या एकाच पथकाच्या इतिहासात मिळते.

१९४० मध्ये कोटणीस उत्तर चीनमधील शान्सी-चाहार-होपै सीमाप्रदेशात गेले. हा डोंगराळ व दरिद्री प्रदेश जपानी फौजांनी वेढलेला होता. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी याच प्रदेशात खेचरांच्या पाठीवर साहित्य लादून फिरते शस्त्रक्रिया पथक चालविले होते. शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. कोटणीसांची आणि त्यांची भेट कधीच झाली नाही. मात्र बेथ्यून यांनी मागे ठेवलेली व्यवस्था पुढे चालविण्याचे काम कोटणीसांकडे आले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले.

‘रुग्णालय’ या शब्दाने आज डोळ्यांसमोर जी इमारत उभी राहते तिच्याशी या संस्थेचे साम्य फारसे नव्हते. रुग्ण खेडुतांच्या घरांतून विखुरलेले असत. शत्रूची मोहीम सुरू होताच जखमींना, साहित्याला आणि विद्यार्थ्यांना घेऊन रातोरात दुसऱ्या गावी जावे लागे. नाकेबंदीमुळे औषधे दुर्मिळ होती. पट्ट्या धुऊन पुन्हा वापरल्या जात आणि अनेक उपकरणे स्थानिक सुतार-लोहारांकडून करवून घ्यावी लागत. १९४० च्या ‘शंभर रेजिमेंट’ मोहिमेत तेरा दिवसांत सुमारे ८०० जखमी दाखल झाले आणि त्यांपैकी ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, असा आकडा चिनी चरित्रलेखनात दिला जातो. हे काम एकट्या शल्यविशारदाच्या हातून होणे शक्य नव्हते. जखमींना वाहून आणणारे शेतकरी, त्यांना घरात लपविणारी कुटुंबे, थोडक्या दिवसांत तयार केलेले मदतनीस आणि परिचारिका यांच्या साखळीत डॉक्टर हा एक दुवा होता.

भाषा, अध्यापन आणि ग्रंथलेखन

कोटणीसांच्या कार्यातील सर्वांत दूरगामी भाग शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर घडला. प्रथमतः त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली. प्रारंभी दुभाष्यावाचून रुग्णाशी बोलता न येणारा हा डॉक्टर पुढे चिनी भाषेत वर्ग घेऊ लागला. दुखणे कधी सुरू झाले, घरी कोण आहे, पाय कापावा लागेल हे ऐकण्याची रुग्णाची तयारी आहे का, या गोष्टी दुभाष्यामार्फत अर्ध्यामुर्ध्याच कळतात. भाषा शिकणे ही म्हणूनच उपचाराची पूर्वअट ठरली.

दुसरे म्हणजे, त्यांनी बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय विद्यालयात शल्यशास्त्राचे अध्यापन केले. या विद्यालयातील विद्यार्थी बहुधा खेड्यांतून आलेले, शालेय शिक्षण अल्प असलेले तरुण होते. त्यांना इंग्रजी ग्रंथांचा उपयोग नव्हता. म्हणून कोटणीसांनी चिनी भाषेत शल्यशास्त्राच्या सामान्य तत्त्वांचे पाठ्यपुस्तक तयार केले आणि विशेष शल्यशास्त्रावरील दुसऱ्या पुस्तकाचे लेखन हाती घेतले. हे दुसरे पुस्तक त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही. युद्धभूमीवर, सतत स्थलांतर करीत असताना एखाद्या शल्यविशारदाने पाठ्यपुस्तक लिहायला बसणे हे वरवर पाहता विसंगत वाटेल. परंतु त्यामागील हिशेब सरळ होता. एक डॉक्टर दिवसाकाठी ठरावीक रुग्णच तपासू शकतो. त्याने शिकवून तयार केलेले विद्यार्थी तो नसतानाही रुग्ण तपासत राहतात.

तिसरी गोष्ट म्हणजे ते त्या समाजाचे घटक बनले. नोव्हेंबर १९४१ मध्ये शुश्रूषाशास्त्र शिकविणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी त्यांनी चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले. या काळात अपस्माराचे झटके वारंवार येऊ लागले होते. विश्रांतीसाठी बाहेर जाण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, होपै प्रांतातील तांग परगण्यात त्यांचे निधन झाले.

डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनमध्ये गेले, तेथे सूचिचिकित्सा म्हणजे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी या उपचारपद्धतीचा प्रारंभ केला. सेवा देण्यास गेलेला डॉक्टर यजमान समाजाकडून ज्ञान घेऊन आला. दाता आणि याचक अशी विभागणी खऱ्या सेवासंबंधात टिकत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

स्मृतीची घडण

कोटणीसांची स्मृती लोकमानसात रुजली ती साहित्य व चित्रपटामुळे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पथकाची कथा इंग्रजी पुस्तकरूपाने १९४४ मध्ये मांडली. तिच्या आधारे व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला व नायकाची भूमिकाही स्वतःच केली. या चित्रपटाने कोटणीसांना घरोघरी पोहोचविले. पडद्याला मात्र संघर्ष आणि हौतात्म्य लागते. भाषेचा अभ्यास, वर्गातील पाठ, पाठ्यपुस्तकाची पाने या गोष्टी पडद्यावर रंगत नाहीत. परिणामी कोटणीस हुतात्मा म्हणून लक्षात राहिले आणि शिक्षक म्हणून विस्मृतीत गेले.

१९६२ च्या युद्धानंतर भारत-चीन संबंध दुरावले. तरीही दोन्ही देशांनी ही स्मृती जपली. चीनमध्ये १९७६ साली शिजियाझुआंग येथे त्यांचे स्मारक दालन उघडण्यात आले. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली. भारतभेटीवर आलेल्या चिनी नेत्यांनी कोटणीस कुटुंबीयांची भेट घेण्याचा प्रघात पाळला. सोलापुरातील त्यांचे घर स्मारकात रूपांतरित झाले. राज्यसंस्था आपल्या गरजेनुसार अशा स्मृतीचा उपयोग करतात. मैत्रीच्या काळात पुष्पहार अर्पण होतात आणि तणावाच्या काळात मौन पाळले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणूनच राजनैतिक समारंभापलीकडे जाऊन मूळ कार्याकडे पाहणे आवश्यक ठरते.

जळगाव जामोद परिसराच्या संदर्भात

परदेशातील या सेवेचा बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुक्याशी संबंध काय, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. जळगाव जामोद तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग असून तिच्या पलीकडे मध्य प्रदेश आहे. भिंगारा, चाळीसटापरी, गोमाळ यांसारख्या आदिवासी वस्त्यांना आरोग्यसेवेसाठी डोंगर उतरून यावे लागते. तेथील बोली तालुक्याच्या ठिकाणच्या वऱ्हाडीहून भिन्न आहेत. दक्षिणेकडे पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा आहे. तेथे क्षारयुक्त पाण्याचा आणि मूत्रपिंडाच्या विकारांचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत राहिला आहे. देशाची सीमा न ओलांडताही परकेपणाची सीमा ओलांडावी लागते, याचा प्रत्यय या तालुक्यात येतो. रुग्णाची भाषा न समजणारा डॉक्टर चीनमध्ये जितका परका, तितकाच तो सातपुड्यातही परकाच.

विदर्भात या सीमेपलीकडे जाऊन वस्ती केलेल्या डॉक्टरांची उदाहरणे आहेत. याच जिल्ह्यातील शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे यांनी नागपूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर मेळघाटातील बैरागड हे आपले कार्यक्षेत्र निवडले. डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासह त्यांनी तेथे दशकानुदशके सेवा केली. आरोग्याबरोबर शेतीच्या प्रश्नातही ते उतरले, कारण कुपोषणाचे मूळ शेतात होते. २०१९ मध्ये उभयतांना पद्मश्री सन्मान मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या काळजीचे प्रशिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, प्रयोगाच्या ३९ गावांत नवजात मृत्यूदर नियंत्रण गावांच्या तुलनेत तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. वास्तव्य, भाषा आणि स्थानिकांना शिकविणे ही कोटणीसांच्या कार्यातील तीन सूत्रे या दोन्ही उदाहरणांत निरनिराळ्या प्रमाणात दिसतात.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक निकटचा आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरांत आरोग्य तपासणीचा कार्यक्रम बहुधा असतोच. रक्तदाब मोजला जातो, गोळ्या वाटल्या जातात, छायाचित्रे काढली जातात आणि आठव्या दिवशी शिबिर उठते. अशा तपासणीतून आजार लक्षात येतो, हा लाभ नाकारता येत नाही. परंतु उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णाला पुढील महिन्याची गोळी कोण देणार, याचे उत्तर शिबिराच्या अहवालात क्वचितच सापडते. आजाराचे निदान करून पाठपुरावा न करणे हे रुग्णाला वाऱ्यावर सोडण्यासारखेच आहे. एकाच दत्तक गावात अनेक वर्षे जाणे, त्या गावची बोली जाणणाऱ्या विद्यार्थ्यांकडे संवादाची जबाबदारी सोपविणे, रुग्णांची नोंदवही आशा कार्यकर्तीच्या व प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हाती देणे आणि गावातील दोन-चार तरुणांना प्रथमोपचार शिकविणे एवढे जरी झाले तरी शिबिराचे स्वरूप पालटू शकेल. यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती वर्षानुवर्षे त्याच गावी परत जाण्याच्या निर्धाराची.

निष्कर्ष

१. १९३८ च्या भारतीय वैद्यकीय पथकामागे दानधर्माची भावना दुय्यम होती. साम्राज्यवादविरोधी बंधुभाव ही त्याची मुख्य प्रेरणा होती. त्यामुळे पाठविणारा देश आणि स्वीकारणारा देश यांचे नाते बरोबरीचे राहिले.

२. अल्पकालीन सेवेचेही मोल आहे. मात्र संस्थेची घडी, प्रशिक्षित विद्यार्थी आणि पाठ्यपुस्तक यांसारखी चिरस्थायी फलिते कोटणीसांच्या दीर्घ वास्तव्यातून निर्माण झाली.

३. स्थानिक भाषा शिकणे हा परक्या समाजातील आरोग्यसेवेचा पाया आहे. हे तत्त्व येनानला जसे लागू पडले तसेच सातपुड्यातील वस्त्यांनाही लागू पडते.

४. चित्रपट व राजनैतिक समारंभ यांनी कोटणीसांची स्मृती जिवंत ठेवली, परंतु त्यांच्या अध्यापकीय कार्याला त्यात पुरेसे स्थान मिळाले नाही. मराठीत या अंगाचा स्वतंत्र अभ्यास होणे गरजेचे आहे.

५. महाविद्यालयीन आरोग्य शिबिरांचे यश तपासलेल्या रुग्णांच्या संख्येवर मोजू नये. पुढील वर्षी त्याच गावी गेल्यावर मागील नोंदवही कोणी चालू ठेवली आहे आणि किती रुग्णांचे उपचार अखंड राहिले आहेत, हे पाहावे. सेवेची खरी परीक्षा त्या नोंदवहीत होते.